प्रबंधाच्या निमित्ताने: कायदा, धोरण आणि कारभार

कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात वकिली करता करता मी एलएल.एम.ला प्रवेश घेतला आणि कायदा, लोकधोरण व शासनव्यवहार यांचा परस्परसंबंध हा विषय प्रबंधासाठी निवडला. वकिलाला कलमे आणि न्यायनिर्णय यांची सवय असते. धोरण कुठे ठरते आणि एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कसे जाते, याच्याशी त्याचा संबंध बहुधा पक्षकाराची फाईल अडकल्यावरच येतो. सुरुवातीचे वाचन व्याख्यांतच गेले. तेव्हा मार्गदर्शक सरांनी सुचवले की, एकच दस्तऐवज घ्या आणि त्यातली प्रत्येक ओळ अधिकार देते, दिशा ठरवते की कुणाला काम लावते, एवढेच तपासा.

मी 26 जुलै 1902 चा राजर्षी शाहू महाराजांचा आदेश घेतला. करवीर संस्थानाच्या नोकऱ्यांत रिक्त होणाऱ्या 50 टक्के जागा मागासवर्गीयांना देण्याचा हा निर्णय कोल्हापुरात शाळकरी मुलालाही ठाऊक असतो, पण संपूर्ण मसुदा वाचलेले लोक थोडेच असावेत. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळता बाकी सर्व ते मागासवर्ग, अशी व्याख्या त्यात आहे. माझे लक्ष मात्र शेवटच्या भागाने वेधून घेतले: आदेशानंतर झालेल्या नेमणुकांचे विवरणपत्र सर्व खातेप्रमुखांनी दर तिमाहीला सादर करावे. राजाज्ञा म्हणून तो कायदा, प्रमाण ठरवतो म्हणून धोरण आणि विवरणपत्र मागतो म्हणून कारभार. माझ्या मते या तिसऱ्या भागाशिवाय पहिले दोन कागदावरच राहिले असते. कोणी, कोणाला, किती मुदतीत कळवायचे, हा प्रश्न मी पुढे प्रत्येक कागदाला विचारत गेलो.

तो प्रश्न घेऊन मी महानगरपालिका निवडणुकांकडे वळलो. संविधानाच्या कलम 243-यू प्रमाणे मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, आणि किशनसिंग तोमर प्रकरणात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही जबाबदारी राज्य निवडणूक आयोगाची असल्याचे स्पष्ट केले होते. तरीही कोल्हापूर महानगरपालिकेची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि मतदान जानेवारी 2026 मध्ये झाले. आधी कोविड होता. मग सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च 2021 च्या निकालाने ओबीसी आरक्षणासाठी ‘ट्रिपल टेस्ट’ बंधनकारक ठरली, म्हणजे समर्पित आयोग, संस्थानिहाय आकडेवारी आणि एकूण 50 टक्क्यांची मर्यादा. त्यानंतर प्रभागरचनेचा वाद आणि 2022 चा ‘जैसे थे’ आदेश आला. अखेर 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानेच निवडणुका घेण्याचे निर्देश दिले. हा क्रम तारखांनुसार मांडल्यावर दिसले की, एकही कागद एकटा वाचून उपयोग नाही, कारण आरक्षणाचे धोरण आकडेवारीवाचून न्यायालयात टिकत नव्हते आणि ती आकडेवारी कोणत्या तारखेपर्यंत द्यायची हे बांधून देणारे कलम मला कुठेही सापडले नाही.

निवडून आलेले नगरसेवक नसताना आयुक्तच प्रशासक असतात; अशा काळात प्रत्यक्ष कारभार कसा चालतो, हे मला एका निवृत्त अधीक्षकांनी समजावले. “वकीलसाहेब, ठराव कुणी मंजूर केला ते नंतर बघा, आधी टिपणी कुणी ठेवली ते बघा,” असे ते म्हणाले. एरवी प्रशासनाचा प्रस्ताव स्थायी समितीपुढे किंवा महासभेपुढे जातो आणि तिथे नगरसेवक त्याचा कीस पाडतात. प्रशासकाच्या काळात तोच प्रस्ताव आयुक्त या नात्याने पुढे येतो आणि प्रशासक या नात्याने मंजूर होतो, म्हणून सहीखाली ‘आयुक्त तथा प्रशासक’ असा शिक्का असतो. निर्णय लवकर होतात, हे मान्यच करावे लागेल. मात्र प्रश्न विचारणारी बाजूच रिकामी असते आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज ती जागा भरून काढू शकत नाही, कारण अर्जाचे उत्तर येईपर्यंत ठरावाची अंमलबजावणी सुरू झालेली असते.

लिहिताना सर्वाधिक वेळ खाल्ला तो शासन निर्णयांनी. प्रत्येक जीआरच्या माथ्यावर ‘वाचा’ म्हणून जुन्या निर्णयांची यादी असते. तिच्यातला एक उघडावा तर त्यालाही तशीच यादी. बाकी सर्व नेहमीचेच: सकाळी कोर्ट, दुपारी तारखा, रात्री टायपिंग.

तोंडी परीक्षेत माझ्या शिफारशीवर बरीच चर्चा झाली. मुदत संपण्यापूर्वी वर्षभर, दर तिमाहीला, प्रभागरचना, मतदारयादी आणि आरक्षण यांची स्थिती नगरविकास विभागाने राज्य निवडणूक आयोगाला लेखी कळवावी आणि ते विवरणपत्र जाहीर करावे, असे मी सुचवले होते. त्यासाठी घटनादुरुस्ती लागेल का, असे परीक्षकांनी विचारले. कलम 243-झेडए या निवडणुकांविषयी कायदा करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाला देते, म्हणून महानगरपालिका अधिनियमातील दुरुस्ती पुरेशी आहे, असे उत्तर मी दिले. विवरणपत्र आलेच नाही तर काय, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. तेव्हा तोमर प्रकरणाचाच आधार घेतला: सरकार सहकार्य करत नसेल तर आयोगाने उच्च न्यायालयात जावे, असे तिथे म्हटले आहे, आणि न आलेले विवरणपत्र हाच त्या याचिकेतला पहिला पुरावा ठरेल.