एमपीसी वन: तुकडे जोडून गाणं, आणि त्यावर पेटी

एमपीसी वन हे ठेके आणि सूर रेकॉर्ड करून जोडायचं यंत्र. त्यावर गाणं बांधून वर पेटी रेकॉर्ड केली, ते सगळं एमपीसीच्या 2 क्रमांकाच्या फर्मवेअरवरचं, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरवरचं आहे. 3 मध्ये सरळ अख्ख्या गाण्याची सलग टाइमलाइनच मिळते, तिथे यातली निम्मी खटपट वाचते.

लय मिनिटाला 96 मात्रा धरली. एक मात्रा 0.625 सेकंद, चार मात्रांचा बार अडीच सेकंदांचा. मुखड्याचा आठ बारांचा सिक्वेन्स, म्हणजे गाण्याचा एक तुकडा, आधी पूर्ण बांधला आणि अंतरा नव्याने सुरू न करता त्याचीच कॉपी मारून बदलला. कारण प्रोग्रॅम, म्हणजे वाद्यांचे आवाज, सगळ्या प्रोजेक्टला एकच असतात, पण ते वाजवणाऱ्या ओळी, म्हणजे ट्रॅक, प्रत्येक सिक्वेन्सचे वेगळे. एकात ढोलकी ट्रॅक 1 वर आणि दुसऱ्यात बेस ट्रॅक 1 वर असेल, तर पुढे जोडताना हमखास खिचडी होते.

साँग मोडमध्ये सिक्वेन्स एकामागे एक लावता येतात, तिथे क्रम लावला: सुरुवात 4 बार, मुखडा दोनदा, अंतरा, मुखडा दोनदा, अंतरा दोनदा, शेवट 4. एकूण 64 बार, 2 मिनिटं 40 सेकंद. सुरुवातीच्या आधी एक रिकामा बार मुद्दाम ठेवला, समेआधीची उठान त्यात मावते. मग साँगचा एकच लांब सिक्वेन्स करून घेतला. पेटी छोट्या सिक्वेन्समध्येच रेकॉर्ड केली असती, तर आठव्या बारात लांबवलेला सूर पुढच्या तुकड्याच्या तोंडाशी तुटला असता.

खरी डोकेदुखी सुरांची. पेटीचे सूर ठरलेले, ते काही हलत नाहीत. हलायचं ते यंत्राने. ट्यूनरवर पेटीचा ए हा सूर 442 हर्ट्झ दाखवत होता, यंत्राचा 440. फरक जेमतेम 8 सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट), पण दोन्ही एकत्र धरले की आवाजात सेकंदाला दोनदा चढउताराची लाट येते आणि सगळं बेसूर वाटतं. बेस आणि स्ट्रिंग्ज 8 सेंट वर घेतले, लाट थांबली. ढोलकीला हात लावला नाही.

एमपीसी वनला माइकचा प्रीअँप, म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग, नाही; मागच्या जॅकना आधीच वाढवलेला लाइन सिग्नलच लागतो. म्हणून माइक वेगळ्या प्रीअँपमधून इनपुट 1 ला, ट्रॅक मोनो. माइक दीड फुटावर, भात्याच्या बाजूला नाही. गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, असा, की सगळ्यात जोरकस जागेलाही मीटर उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ नये. स्पीकर बंद, हेडफोनवर मेट्रोनोमच्या क्लिकऐवजी ढोलकीचा ठेका. पेटीच्या हळव्या जागेत क्लिक माइकमध्ये झिरपते आणि नंतर काही केल्या निघत नाही. रेकॉर्डिंगनंतर लय बदलायची नाही. वार्पने, म्हणजे सूर तोच ठेवून, रेकॉर्डिंग ताणता येतं, पण पेटीचा लांब सूर लगेच थरथरतो.

आठ बारांची एक जागा पुन्हापुन्हा फिरवायला क्लिप म्हणून कापली. 44.1 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाची 44,100 मापं (सँपल) घेतली, की 20 सेकंदांचे 8,82,000 सँपल होतात, शेवटचा बिंदू तिथेच हवा. 400 सँपल जास्त राहिले आणि वार्प बंद असेल, तर प्रत्येक फेरीला 9 मिलिसेकंद साचतात. चौथ्या फेरीनंतर पेटी ठेक्यामागे फरफटते.

आणि प्रत्येक चांगल्या टेकनंतर, म्हणजे एका सलग रेकॉर्डिंगनंतर, एसडी कार्डवर सेव्ह. टेक तोवर मेमरीतच असतो, या यंत्रात बॅटरी नाही, आणि लाइट काही विचारून जात नाही.