पहिलारू कालवडीची कास व्यायच्या आधीच बघा

"कालवडीला अजून दूधच नाही, तिला दगडी (कासदाह, म्हणजे जंतूंमुळं कासेला येणारी सूज) कशी होईल?" असं आमच्या संगमनेर-अकोले भागात बऱ्याच गोठ्यांवर ऐकायला मिळतं, आणि खरा घोळ तिथंच होतो. कासदाहाचे जंतू दूध सुरू व्हायची वाट बघत नाहीत, गाभण कालवडीच्या सडातून ते कितीतरी आधी आत शिरलेले असू शकतात, आणि आपल्याला कळतं कधी, तर व्यायल्यावर चीक काढताना एका सडातून गुठळ्या किंवा पिवळसर पाणी आलं की!

आणि हे पहिल्याच वेताला झालं तर जास्त वाईट, कारण दूध तयार करणाऱ्या पेशींची सगळ्यात जास्त वाढ पहिल्या गाभणकाळातच होते. त्याच काळात कासेच्या चारपैकी एखादा कप्पा खराब झाला की ते नुकसान सहसा भरून येत नाही, दोन-अडीच वर्षं खाऊ घालून वाढवलेली एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) कालवड एक सड निकामी होऊन तीनसडी होते आणि बाजारात तिला कोणी धड भाव देत नाही. फार जीव तुटतो हो अशी जनावरं बघून.

सुरुवात बऱ्याचदा वासरपणी होते. दूध पाजलं की वासरं एकमेकांची सडं चोखत बसतात, म्हणून पाजल्यावर थोडा वेळ त्यांना वेगळं बांधा, पुढ्यात खुराक नाहीतर गवत टाका, आणि दगडीचं दूध वासरांना पाजूच नका. दुसरं म्हणजे माश्या. सडाच्या टोकाला चावून चावून खपल्या धरतात, तिथं स्टॅफ ऑरियससारखे जंतू वाढतात आणि ते एकदा कासेत मुरले की औषधालाही सहसा दाद देत नाहीत. दुभत्या गायींच्या शेडमध्ये पंखे, खाली मॅट आणि गाभण कालवडी मात्र मागं शेणचिखलात, हे बंदच व्हायला पाहिजे.

दिवस भरत आले की रोज कासेवरून हात फिरवा. चारही कप्पे सारखे लागतात का, एखादा गरम किंवा टणक आहे का, एखादं सड बारीक पडलंय का ते बघा. व्यायच्या आधी दोन्ही बाजूंनी सारखी सूज येते, ती बहुतेकदा नुसती पाणी उतरल्याची असते, पण एकच कप्पा सुजला तर लगेच डॉक्टर. आणि बघायचं म्हणून सड पिळू नका, टोकाशी नैसर्गिक बूच असतं ते निघालं की जंतूंना दार उघडंच. सडात औषधाची ट्यूबसुद्धा डॉक्टरला विचारल्याशिवाय भरायची नाही.

व्यायल्यावर प्रत्येक सडाची पहिली धार काळ्या फरशीवर नाहीतर काळ्या कपात काढा, त्यात बारीक कणही दिसतात. धार झाली की सडं आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि लगेच पुढ्यात वैरण टाका म्हणजे ती अर्धा-पाऊण तास उभी राहील, कारण तेवढा वेळ सडाचं तोंड उघडं असतं आणि खाली बसली की शेण लागलंच.

व्यालेली पहिलारू विकत घेणार असाल तर चारही सडांची धार स्वतःच्या हातानं काढून बघा, सीएमटी (दुधावरून दगडी ओळखायची कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट) करून घ्या, मग पैशाचं बोला.