आठ जणी आणि न पडलेला वळीव

नेढ्यात बसलेल्या आठ मुलींचा फोटो शाळेच्या व्हरांड्यात लागणार, हे आम्ही निघायच्या आधीच ठरून गेलं होतं. मुख्याध्यापकांनी चौकट आणून ठेवली होती, शिपाईमामांनी खिळाही ठोकून ठेवला होता. नेढं म्हणजे राजगडाच्या सुवेळा माचीवरच्या कातळाला पडलेलं आरपार भोक. त्यात बसलं की उन्हाळ्यातही गार वारा लागतो, आणि फोटोत पोरी आभाळात बसल्यासारख्या दिसतात. त्या फोटोची हौस मुलींपेक्षा मलाच जास्त होती, हे आधीच कबूल केलेलं बरं.

मी भूगोल शिकवते आणि अकरा वर्षं शाळेच्या गाईड पथकाची, म्हणजे मुलींच्या स्काऊट पथकाची, कॅप्टन आहे. आमच्याकडे गाईड म्हटलं की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दहावीला सवलतीचे गुण किती मिळतात?" आणि नेतृत्व शिबिर म्हटलं की मांडव, पाहुण्यांना नारळ, दोन तास भाषण आणि शेवटी प्रमाणपत्र. असली शिबिरं मी केली आहेत, भरवलीही आहेत. त्यात मुलींनी नेतृत्व कुठे केलं, असं कुणी विचारलं असतं तर 'आभारप्रदर्शनात' याखेरीज माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

म्हणून त्या मे महिन्यात मुक्काम राजगडाच्या पायथ्याशी गुंजवणे गावातल्या शाळेत ठेवला आणि मुलींचे दोन संघ केले, चाफा आणि जास्वंद. प्रत्येकी आठ जणी. एका संघाने गडावर जायचं, दुसऱ्याने तळावर राहायचं: बांबू आणि दोरीने तळावर वापरायची वस्तू, म्हणजे गॅजेट, बांधायची, भांड्याविना स्वयंपाक करून दाखवायचा आणि संध्याकाळची खिचडी शिजवायची. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. जास्वंदबरोबर सहकारी बाई राहिल्या, चाफ्याबरोबर मी आणि गावातले एक वाटाडे मामा.

आदल्या रात्री शेकोटीपाशी मी नेहमीच्या गोष्टी सांगितल्या. १९०७ च्या ऑगस्टमध्ये स्काऊटचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर वीसेक मुलं नेली, त्यांचे चार गट पाडले आणि प्रत्येक गट त्यातल्याच एका मुलाच्या हवाली केला. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊटांचा मेळावा भरला, तिथे काही मुली बोलावणं नसताना शिरल्या आणि 'आम्हालाही हे पाहिजे' म्हणाल्या. पुढच्या वर्षी मुलींची वेगळी संघटना उभी राहिली, ती बेडन-पॉवेल यांची बहीण अ‍ॅग्नेस यांच्या देखरेखीखाली. १९११ मध्ये जबलपूरला भारतातली पहिली गाईड कंपनी निघाली. बिनबोलावता गेलेल्या त्या मुलींची गोष्ट पोरींना फार आवडते. जानेवारीत आम्ही पुण्यातलं 'संगम' पाहून आलो होतो. गाईड चळवळीची जगात पाच जागतिक केंद्रं आहेत, त्यातलं हे एक, १९६६ सालचं. तिथला पोहण्याचा तलाव त्यांच्या जास्त लक्षात राहिला, पण ते असो.

गोष्टी झाल्यावर चाफ्याच्या संघनायिकेने नोंदवही काढली. नववीतली मुलगी, बारीक, कमी बोलणारी. तिची निवड मुलींनी केली होती. मला विचाराल तर मी उपसंघनायिकेला निवडलं असतं. तिचा आवाज खणखणीत, उत्तरं तोंडावर. संघनायिका प्रश्न विचारला की आधी खाली बघते. तर तिने दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक लिहिलं आणि खाली दोन ओळी:

"दुपारी ३ वाजता असू तिथून परत फिरायचं. त्याआधी पूर्वेला ढग चढताना दिसला किंवा गडगडलं, तर लगेच फिरायचं."

"पूर्वेलाच का?" मी परीक्षा घेतली.

"वळीव तिकडूनच येतो ना, बाई. तुम्हीच सांगितलं होतं, आरोह पर्जन्य शिकवताना."

मी खूश होऊन खाली सही ठोकली. वर्गात शिकवलेलं परत ऐकायला मिळालं की शिक्षकाचं काय होतं, ते शिक्षकांना माहीत आहे.

पहाटे सव्वापाचला निघालो. प्रत्येकीकडे तीन लिटर पाणी, टोपी, शिट्टी, लाठी. डिओ आणि अत्तर यांना बंदी, कारण नेढ्याच्या बाजूला आग्या मोहोळं असतात. उन्हं तापायच्या आत चोर दरवाजाखालचा उभा टप्पा पार केला. तिथे कातळात कोरलेल्या पायऱ्या आणि धरायला लोखंडी रेलिंग आहे. साडेआठला पद्मावती माचीवर होतो. मग प्लॅस्टिक गोळा करायचं काम. दोन पोती भरली. बहुतेक बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं, त्यात एक नवीकोरी चप्पलही निघाली. एकच. तिच्या मालकिणीवर मुलींनी अर्धा तास तर्क लढवले. गावातल्या मावशी गडावर ताक विकायला बसतात, त्यांच्याकडे दोन फेऱ्या झाल्या. दुपार पद्मावती देवीच्या देवळाच्या सावलीत काढली. तिथे संघनायिकेने सगळ्यांच्या बाटल्या ओळीने मांडून पाणी मोजलं. सर्वात धाकटीची शेवटची बाटली अर्ध्यावर आली होती. काही न बोलता तिने स्वतःच्या बाटलीतलं तिच्यात ओतलं आणि मग वहीत लिहिलं. आधी ओतलं, मग लिहिलं. मी ते पाहिलं, पण त्या वेळी त्याचं काही वाटलं नाही.

दोन वाजून वीस मिनिटांनी सुवेळा माचीकडे निघालो. बालेकिल्ल्याच्या पोटातून वाट जाते. ऊन रणरणतं, गवत वाळून सोनेरी झालेलं, पायाखाली घसरणारी खडी. माचीवर आलो आणि पुढे नेढं दिसायला लागलं. उपसंघनायिकेने आरोळी दिली, बाकीच्यांनी ओढली. मी मोबाईल बाहेर काढला.

आणि शिट्टी वाजली. थांबायची खूण.

संघनायिका पूर्वेकडे बघत उभी होती. पुरंदरच्या अंगाला एक ढग उभा होता. सकाळपासून तिकडे कापसाचे पुंजके होतेच, पण हा वेगळा होता. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, कडा धारदार, आणि बघता बघता त्यावर आणखी एक गड्डा फुटत होता.

"आवाज करू नका," ती म्हणाली. सगळ्या गप्प. मिनिटभर वाऱ्याशिवाय काही नाही. मग धाकटी म्हणाली, "बाई, गडगडलं."

"विमान असेल गं," उपसंघनायिका म्हणाली. तेही खोटं नव्हतं. लोहगावहून उडणारी सुखोई या डोंगरांवरून जातात, तेव्हा आवाज दऱ्यांतून घुमत राहतो आणि ढग की विमान ते कळत नाही. मलाही काहीतरी ऐकू आलं होतं. कशाचं, ते आजही सांगता येणार नाही.

"परत फिरायचं," संघनायिका म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, नेढं ते काय, समोर आहे. दहा मिनिटं. फोटो काढू आणि निघू."

"वारा तर पश्चिमेचा आहे," उपसंघनायिकेने मुद्दा काढला. "ढग आपल्याकडे येणारच नाही. उलटा जाईल."

मुद्दा बिनतोड वाटत होता आणि चुकीचा होता. वाढणारा गडगडाटी ढग खालची हवा स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे आपल्या अंगावरचा वारा त्याच्या दिशेला वाहत असतो आणि ढग तरीही वरच्या वाऱ्यावर आपल्याकडे सरकू शकतो. हे मी दरवर्षी शिकवते. त्या क्षणी सांगितलं नाही. का, ते स्पष्टच आहे. मला नेढ्यात जायचं होतं.

मामांकडे बघितलं. त्यांनी डोळ्यांवर हात धरून ढग पाहिला, तंबाखू मळली आणि म्हणाले, "पडंल बी, नाही बी. त्याचं काय सांगावं?" मोबाईलवर दामिनी ॲप होतं, वीज कुठे पडतेय ते दाखवणारं, पण रेंज नव्हती. नुसतं चक्र फिरत राहिलं.

संघनायिकेने वाद घातला नाही. दप्तरातून नोंदवही काढली, कालचं पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. दोन ओळी आणि खाली माझी सही. तिचा हात थरथरत होता. वहीची कड हलताना मला दिसत होती.

माझ्याकडे एक आवाज आहे. आठवीच्या मागच्या बाकावरचा गोंधळ एका शब्दात थांबवणारा. तो घशापर्यंत आला होता. "बाईंनी सांगितलंय ना" एवढं म्हटलं असतं तर आठही जणी निमूट नेढ्यात जाऊन बसल्या असत्या. तीसुद्धा. डोक्यात त्या वेळी काय होतं, खरं सांगू? वीज नव्हती. आधी व्हरांड्यातला खिळा होता, मग पालकांच्या संमतिपत्रांवरच्या सह्या. या क्रमाने.

"ठीक आहे," मी म्हटलं. तेही जरा फणकाऱ्यानेच.

मग पुढचं सगळं तिने ठरवलं. उतरायचं पाली दरवाजाने, चोर दरवाजाने नाही. मी म्हटलं, खिचडी गुंजवण्यात आहे, पालीत उतरलो तर टेम्पो करून लांबच्या वळशाने यावं लागेल. ती म्हणाली, "त्या वाटेला रेलिंग आहे, बाई. लोखंडाचं. आणि ओलं झालं तर धरल्याशिवाय उतरता येत नाही." पाली दरवाजाची वाट रुंद, पायऱ्यांची, जुनी राजवाट. यावर मला बोलायला काही उरलं नाही. सर्वात हळू चालणारी धाकटी पुढे, तिच्या चालीने सगळ्या, शेवटी उपसंघनायिका. उघड्यावर दोघींत पाच-सहा पावलांचं अंतर. चमकलेलं दिसलं तर 'एक हजार एक, एक हजार दोन' मोजायचं, तिसाच्या आत आवाज आला तर सखल जागा बघून लांब लांब उकिडवं बसायचं, एकट्या झाडाखाली जायचं नाही. हे तिने दोनदा म्हणून घेतलं. आवाज बारीकच होता, पण सगळ्या ऐकत होत्या.

उतरलो. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलेलं असताना प्रत्येक वळणावर सगळ्या मागे बघत होत्या. ढग वाढत होता, मग वाढायचा थांबला, मग त्याचा माथा पसरून विरायला लागला. पालीत पोचलो तेव्हा तो दक्षिणेला सरकला होता आणि संध्याकाळचं सोनेरी ऊन त्याच्यावर पडलं होतं. एक थेंब नाही, विजेची साधी रेघ नाही. इतकं सुंदर आभाळ मी त्या महिन्यात पाहिलं नव्हतं.

मुली बोलेनात. एक जण रडली. तिचं पुढच्या वर्षी लातूरला जायचं ठरलं होतं, तिला नेढं परत मिळणार नव्हतं. एका आजींनी पानांच्या द्रोणात करवंदं दिली, ती खातानाही कुणी हसलं नाही. टेम्पोच्या हौद्यात आठ फुगलेले चेहरे आणि जांभळ्या जिभा, एवढा एकच फोटो माझ्याकडे आहे. संघनायिका कडेला बसली होती, फाळक्याला धरून. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. बोलावंसं मला वाटत होतं, पण काय बोलायचं ते सुचत नव्हतं, कारण आत कुठेतरी मीही फुगलेलीच होते.

तळावर जास्वंदवाल्या वाटच बघत होत्या. "छत्री आणलीत का गं?" "भिजलेले कपडे वाळत घाला!" खिचडी खाली लागली होती. त्याचंही खापर चाफ्यावर फुटलं.

रात्री मानसभा, म्हणजे दिवसाचा आढावा घेणारी पथकाची बैठक, बसली. दोन्ही संघनायिका, दोन्ही उपसंघनायिका आणि आम्ही दोघी बाई. मानसभेत कॅप्टनने सल्ला द्यायचा, निकाल द्यायचा नाही, असा नियम आहे. तो आम्ही पाळतो, बऱ्याचदा. उपसंघनायिकेने सरळ विचारलं, "पाऊस पडलाच नाही. मग निर्णय चुकला की नाही?"

जास्वंदची म्हणाली, चुकला. तिचीच उपसंघनायिका म्हणाली, पडला असता तर काय म्हणाली असतीस? मग थोडा गोंधळ. मी मध्ये पडले आणि वाऱ्याची गोष्ट सांगितली. ढग हवा कशी ओढतो, पश्चिमेचा वारा असूनही तो कसा येऊ शकला असता. उपसंघनायिका माझ्याकडे बघत राहिली.

"हे तुम्हाला तिथे माहीत होतं?"

"होतं."

"मग तिथे का नाही सांगितलं?"

सहकारी बाईंनी कंदिलाची वात उगाच कमी-जास्त केली. मी म्हटलं, "मला फोटो पाहिजे होता." कुणी हसलं नाही. चौदा वर्षांच्या चार मुलींसमोर असं बोलायची सवय नसते. तोंड कोरडं पडतं.

संघनायिका इतका वेळ खाली बघत होती. तिला विचारलं, तुला खात्री होती का?

"नाही," ती म्हणाली. "खात्री असती तर वही कशाला काढली असती? नुसतं सांगितलं असतं."

यावर चर्चा पुढे गेली नाही. जास्वंदने दुसऱ्या दिवशी नेढं एक वाजायच्या आत करून परत फिरायचं ठरवलं आणि वेळापत्रक खोडून नव्याने लिहिलं. उपसंघनायिकेने तिथल्या तिथे आपल्या वहीत वाऱ्याची आकृती काढून माझ्याकडून तपासून घेतली. बाण दोनदा चुकला.

सगळ्या झोपायला गेल्यावर संघनायिका वही घेऊन आली. दिवसाची नोंद पूर्ण करून सही घ्यायची होती. कंदिलाच्या उजेडात वाचलं:

"उद्दिष्ट: नेढे. पोहोचलो: नाही. कारण: २.५० ला पूर्वेला ढग, गडगडाट (खात्री नाही). पाऊस: नाही. पाणी शिल्लक: साडेचार लिटर. इजा: नाही. धाकटीच्या टाचेला फोड, पट्टी लावली."

मी सही केली आणि वही परत दिली. ती तिथेच उभी.

"काय गं?"

"वेळ राहिली, बाई."

मी घड्याळ पाहिलं आणि सहीखाली लिहिलं, रात्री १०.३५.