सिंहगडानंतरचे पाय आणि एप्सम मीठ

काल पहाटे आतकरवाडीच्या वाटेने बऱ्याच महिन्यांनी सिंहगड चढलो आणि रात्री पोटरीत असा गोळा आला की झोपच उडाली. आज दिवसभर जिना उतरणे कठीण झाले होते, म्हणून संध्याकाळी मोठ्या बादलीत पोटऱ्या बुडतील एवढे सोसवेल इतके गरम पाणी घेऊन, त्यात अर्धी वाटी एप्सम मीठ विरघळवून २० मिनिटे पाय सोडून बसलो.

हे मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट; इंग्लंडमधील एप्सम गावच्या कडू पाण्यावरून त्याला हे नाव पडले. त्यातील मॅग्नेशियम त्वचेतून स्नायूंपर्यंत पोहोचते, असे सर्रास सांगितले जाते, परंतु त्याला भक्कम पुरावा नाही. मला जो आराम पडला तो मुख्यतः उबेचा असावा, कारण गरम पाण्याने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आखडलेले स्नायू सैलावतात. नंतर भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणल्या, तेव्हा पाय खरोखर मोकळे वाटले.

बाबांनाही पाय बुडवायचे होते, पण त्यांना मी आग्रहाने थांबवले. मधुमेहामुळे त्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे आणि अशा वेळी पाण्याचा चटका लक्षातच येत नाही.