कार्निव्हलची कियाक्किएरे: फुगे येण्यासाठी

इटलीत कार्निव्हलच्या दिवसांत तळल्या जाणाऱ्या या पातळ पट्ट्यांना मिलानमध्ये कियाक्किएरे म्हणतात, रोममध्ये फ्राप्पे, तर तोस्कानात चेंची, म्हणजे चिंध्या.

२५० ग्रॅम मैदा, २ अंडी, साखर आणि लोणी प्रत्येकी ३० ग्रॅम, चिमूटभर मीठ, लिंबाची किसलेली साल, २ चमचे ग्राप्पा. ही दारू वगळू नका. तळताना तिची झटकन वाफ होते आणि फुगे उठायला मदत होते. घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा, नाहीतर लाटताना पोळी आखडते.

खरी कसोटी लाटण्यात! जाडी १ ते २ मिलिमीटरच हवी. जाड राहिली की पट्टी चिवट होते. कातण्याने कापून मधे चीर द्या. तेल १७० अंशांवर; थंड तेलात त्या तेल पितात. पिठीसाखर मात्र गार झाल्यावरच भुरभुरवा, गरम पट्टीवर ती विरघळते.