तीन गाड्या, तीन डबे चिवडा आणि स्पिती: नव्या गाडीचं सस्पेन्शन ठरवताना

नवी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी) घ्यायची हे घरात गेल्या दिवाळीतच ठरलं होतं. कुठली, यावर मात्र वर्षभर नुसता काथ्याकूट. व्हिडिओ पाहून पाहून मला सगळ्या गाड्यांचे ॲप्रोच अँगल (पुढचा बंपर न घासता गाडी किती तीव्र चढाला भिडते तो कोन) पाढ्यासारखे पाठ झाले होते. पण खराब रस्त्यावर आठ तास बसल्यावर कंबरेचं काय होतं, हे कुणी सांगत नव्हतं. म्हणून सप्टेंबरात हिमाचलातल्या स्पितीचा बेत ठरला तेव्हा मी माझी हॅचबॅक घरीच ठेवली आणि सोबतच्या तिन्ही गाड्यांत आलटून पालटून बसायचं कबूल करून घेतलं.

दाजींची पाच दारांची जिम्नी, मामेभावाची स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर आणि मित्राची २०१४ सालची जुनी थार. आईही बरोबर होती. वय ६८, कंबर जुनी दुखरी. तिने निघताना प्रत्येक गाडीत एकेक डबा पातळ पोह्यांचा चिवडा ठेवला. पुढे हे डबेच मोजमापाचं साधन ठरणार आहेत, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

आपल्याकडे शोरूममध्ये 'हे सस्पेन्शन हवं की ते' असं सहसा कुणी विचारत नाही. गाडी निवडली की सस्पेन्शन पदरात पडलं. त्यामुळे मॉडेल निवडताना खाली वाकून पाहायला हवं. आमच्या तिन्ही गाड्यांच्या पोटाखाली तीन वेगळे संसार होते. जुन्या थारला पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी) आणि मागे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग). जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा), पण वर कॉइल म्हणजे वेटोळ्यांची स्प्रिंग. स्कॉर्पिओ-एनला पुढची दोन्ही चाकं स्वतंत्र, डबल विशबोनवर (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन कवट्या दांड्यांवर); मागे अखंड ॲक्सलच, पण पाच दांड्यांनी धरलेला, आणि तो आडवा सरकू नये म्हणून वॉट्स लिंकेज नावाची दांड्यांची जोडणी. शिवाय मित्राने थार बाहेरच्या गॅरेजात दोन इंच उचलून घेतली होती. त्या दोन इंचांनी पुढे काय केलं ते सांगतोच.

पुणे ते चंदीगड तीन दिवस लागले. त्यात सांगण्यासारखं एवढंच, की उचललेली थार नव्वदच्या वर गेली की वळणावर कलायची आणि मित्र स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरायचा. जिम्नी आडव्या वाऱ्यात किंचित भरकटते, दोन दिवसांत सवय होते. स्कॉर्पिओत आई चक्क घोरत होती. तुमच्या वर्षाच्या पंधरा हजार किलोमीटरांपैकी चौदा हजार असल्याच रस्त्यावर जाणार असतील, तर या तीन दिवसांना कमी लेखू नका.

पुढे शिमला, रामपूर, कल्पा, नाको, ताबो, काझा. मनालीकडून न चढता किन्नौरकडून चढावं, उंची हळूहळू वाढते आणि डोकं सहसा दुखत नाही. काझात होमस्टेच्या ओट्यावर तिन्ही डबे उघडले. स्कॉर्पिओतला चिवडा बराचसा शाबूत होता. जिम्नीतला निम्मा मोडलेला. थारमधल्या डब्यात पोह्यांचं पीठ, तळाशी शेंगदाणे आणि वर एक अख्खी मिरची. आईने झाकण लावलं आणि म्हणाली, "तुझ्या मित्राला सांग, हे दुधात कालवून खा."

मित्राला ते लागलं. पण पाट्यांचा त्यात फारसा दोष नव्हता. पाटा हा ओझ्याचा गडी आहे. मागे चारशे किलो टाका, तो शांत होतो. मित्राने मात्र गाडी उचलताना 'जाता जाता' जड पाटे बसवून घेतले होते, आणि मागे सामान होतं दोन बॅगा आणि एक स्टेपनी. ओझंच नाही, तर पाटा दबणार कसा? चाकाला बसलेला दणका थेट सीटपर्यंत. कॉइलचंही तसंच आहे: भरल्या गाडीसाठीची स्प्रिंग रिकाम्या गाडीत आपटते, आणि रिकाम्यासाठीची भरल्या गाडीत बसकण मारते. म्हणून गाडी ठरवण्याआधी एक काम करा. आत्ताच्या गाडीत घरची सगळी माणसं आणि नेहमीचं सामान भरून वजनकाट्यावर जा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग फक्त मागची. पावती खिशात ठेवा. सस्पेन्शनबद्दल कुणाशीही बोलताना ती पावती दहा व्हिडिओंपेक्षा जास्त उपयोगी पडते.

खरी परीक्षा काझा सोडल्यावर झाली. लोसरपर्यंत रस्ता बरा आहे. तिथून कुंझुम ला ही खिंड, ४,५५१ मीटर उंच, मग उतरून बातल, छत्रू आणि ग्राम्फू. बातल ते ग्राम्फू जेमतेम ५० किलोमीटर, आम्हाला साडेचार तास लागले. डांबर विसरा. कुठे गोटे, कुठे रस्त्यावरूनच वाहणारे नाले, कुठे पन्हळी पत्र्यासारखी उठलेली माती.

या पन्हळींनी सगळ्यात जास्त शिकवलं. स्प्रिंग फक्त वजन पेलते आणि धक्का साठवते. तो जिरवायचं काम शॉकअपचं. शॉकअप म्हणजे तेलाने भरलेली नळी. दांडा आतबाहेर होताना तेल बारीक भोकांतून रेटलं जातं आणि धक्क्याची उष्णता होते. पन्हळींवर हे सेकंदाला दहा-पंधरा वेळा होतं. तेल तापतं, पातळ होतं, साध्या शॉकअपमध्ये त्याला फेसही येतो. मग नळी असून नसल्यासारखी. कुंझुमच्या चढावर आम्ही थांबलो तेव्हा मी तिन्ही गाड्यांच्या मागच्या शॉकअपजवळ हात नेऊन पाहिला. (हात लावू नका, नुसता जवळ न्या. मी लावला.) जिम्नीचा कोमट, स्कॉर्पिओचा गरम, थारच्या डाव्या शॉकअपची धग चार बोटांवरून जाणवत होती, आणि त्याच्या अंगावर धूळ ओल्या पिठासारखी चिकटली होती. तेल गळत होतं.

कारण बातलच्या ढाब्यात चहा पिताना उलगडलं. तिथे थांबलेल्या एका ट्रकड्रायव्हरने गाडीखाली डोकं घातलं आणि हसलाच. गॅरेजवाल्याने लांब शॅकल (पाट्याचं टोक गाडीच्या सांगाड्याला टांगणारी कडी) टाकून गाडी वर केली, पण शॉकअप मूळचाच ठेवला. गाडी दोन इंच वर गेली की शॉकअप उभ्या उभ्याच निम्म्याहून जास्त उघडलेला असतो. चाक खड्ड्यात उतरलं की उरलेली लांबी संपते आणि दांडा टोकाला जाऊन ठोकतो. सील किती ठोके सोसणार? शिवाय मागच्या प्रॉपेलर शाफ्टचा (मागच्या ॲक्सलला ताकद पोचवणाऱ्या फिरत्या दांड्याचा) कोन बदलल्याने ऐंशीच्या पुढे जी थरथर यायची, तिचाही उलगडा झाला. तिथून मनालीपर्यंत मित्राने गाडी वीसच्या वर नेली नाही, आणि बिचारा फार बोललाही नाही.

तेव्हा उचलायचीच असेल तर स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांच्या मापाचे, एकाच संचातले घ्या. त्याआधी आणखी एक पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीची नोंदलेली मूळ रचना मनाला येईल तशी बदलता येत नाही. वॉरंटी आणि विमा यांचंही लेखी विचारून घ्या. 'चालतंय हो' हे उत्तर क्लेमच्या फॉर्मवर लिहिता येत नाही.

छत्रूच्या अलीकडच्या नाल्यात जिम्नीने मात्र आमची मनं जिंकली. नाल्यात फुटबॉलएवढे गोटे. अखंड ॲक्सलची गंमत अशी, की एक चाक गोट्यावर चढलं की दुसरं आपोआप खाली रेटलं जातं आणि जमीन धरून ठेवतं. शिवाय ॲक्सल चाकांबरोबरच वर जातो, त्यामुळे मधल्या गोळ्याखालची, म्हणजे डिफरन्शिअलखालची, जागा जवळपास तेवढीच राहते. स्वतंत्र चाकांच्या गाडीत नाक दबलं की पोटही खाली येतं. जिम्नी कोळ्यासारखी पाय पसरत नाला चढून गेली. किंमत एकच: प्रत्येक गोट्यावर डोकं एकदा डाव्या काचेकडे, एकदा उजव्या काचेकडे. आईने त्या तासाभरात दोनदा रामरक्षा पूर्ण केली.

स्कॉर्पिओ मागून आली. एकदा मागचं चाक अधांतरी झालं, क्षणभर गरगरलं, मग पकड मिळाली. पुढच्याच उंचवट्यावर पायरी गोट्याला घासली. तो आवाज मामेभाऊ अजून विसरलेला नाही. लांब व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) आणि खालची पायरी, दुसरं काय होणार? पण गाडीतले चौघंही नाल्यानंतर हसत उतरले. लहान झपाट्याच्या धक्क्यांना मऊ आणि मोठ्या संथ हेलकाव्यांना कडक राहणारे तिचे शॉकअप आहेत. पन्हळींवर ताशी चाळीसने जाताना ते कळतं.

जाता जाता टायरच्या हवेबद्दल, कारण सगळ्यात स्वस्त सस्पेन्शन तेच. चंदीगडच्या उकाड्यात ३२ पीएसआय भरलेली हवा लोसरच्या पहाटेच्या गारठ्यातही ३२-३३ दिसते. उंचीमुळे मीटरचा आकडा पाचसहाने वर जातो, थंडीमुळे जवळपास तेवढाच खाली येतो. दुपारी ऊन लागून टायर तापले की तोच आकडा ३७-३८ होतो आणि गाडी दगडासारखी उडते. आम्ही लोसरला २४ केली. फरक इतका, की पहिले दोन किलोमीटर पंक्चर झाल्यासारखं वाटलं. मात्र २४ वर वेग चाळीसच्या आत ठेवा आणि डांबर लागलं की पुन्हा भरा. कंप्रेसर बॅटरीला लावायचा घ्या, सिगरेट लायटरवाला रडतो. आणि पेट्रोल-डिझेल काझात काठोकाठ भरा, मनालीच्या बाजूला उतरेपर्यंत वाटेत पंप नाही.

पुण्यात परतल्यावर शोरूमच्या फेऱ्या सुरू केल्या, तेव्हा टेस्ट ड्राइव्हची माझी पद्धत पार बदलली होती. सेल्समन हायवेकडे बोट दाखवतो, मी गावाबाहेरचा फुटका रस्ता दाखवतो. आधी टायरची हवा तपासतो. एका गाडीत ती चाळीसच्या वर निघाली. मग स्पीडब्रेकर तिरका घेतो, म्हणजे एकेक चाक चढतं आणि डोकं किती डोलतं ते कळतं. पन्नास मीटर खडीवर वीसने, मग चाळीसने. आणि अर्धा वेळ मागच्या सीटवर बसतो, कारण गाडीचं कौतुक पुढे बसणाऱ्यांचं असतं आणि कंबर मागे बसणाऱ्यांची. थार रॉक्समध्ये आई मागे बसली. रॉक्सलाही स्कॉर्पिओसारखाच मागे पाच दांड्यांचा ॲक्सल आहे, वॉट्स लिंकेजसकट. मग फोर्सची गुरखा पाहिली. पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शिअल लॉक (ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्रच फिरवणारं कुलूप), त्यामुळे चाक अधांतरी झालं तरी उरलेली चाकं ओढून नेतात. एकटा असतो आणि सह्याद्रीतल्या चिखलवाटाच तुडवायच्या असत्या, तर गुरखा नाहीतर जिम्नी, तिसरा विचार केला नसता.

आमच्या वजनकाट्याच्या पावतीवर मात्र पाच माणसं आहेत आणि आईची औषधांची पिशवी. रॉक्सची डिझेल फोर बाय फोर बुक केली आहे. लिफ्ट किट नाही, जड स्प्रिंगा नाहीत. त्या पैशांत टायर आणि कंप्रेसर. मित्राने थारचे मूळ पाटे परत बसवून घेतले, परवा येऊन आईला म्हणाला, "काकू, आता एकदा डबा ठेवून बघा." आईने लाडू दिले.