कॉर्न स्नेकच्या पेटीत काय अंथरायचं? माझा अनुभव

कॉर्न स्नेक घरी आणायचं नक्की झालं तेव्हा पेटी, थर्मोस्टॅट, लपायच्या जागा, पाण्याचं भांडं हे सगळं भराभर ठरलं. अडलं ते तळाशी काय अंथरायचं यावर. ज्याला विचारावं त्याचं उत्तर वेगळं. कोणी वर्तमानपत्र सांगे, कोणी नारळाचा भुसा, कोणी लाकडाचे पापुद्रे, तर कोणी वाळू. आणि प्रत्येकाचा साप ठणठणीत! मग 'चांगलं बेडिंग कोणतं' हा प्रश्न बाजूला ठेवून साप त्या थरावर काय काय करतो, हे मी आधी समजून घेतलं.

साप सदासर्वकाळ पोटावर असतो. त्याचं नाक जमिनीपासून जेमतेम काही मिलिमीटर वर. जीभ सारखी आत-बाहेर होते आणि तिने टिपलेले गंधाचे कण टाळूतल्या, वास ओळखणाऱ्या जेकबसन अवयवापर्यंत पोचतात. बहुतेक सापांत उजवं फुप्फुसच खरं काम करतं, डावं खुरटलेलं असतं किंवा नसतंच. श्वासपटल नसल्यामुळे आपल्यासारखं जोरात खोकून छातीतली घाण बाहेर टाकणंही त्याला जमत नाही. म्हणजे बेडिंगमधली धूळ, वास, ओल, बुरशी हे सगळं त्याच्या कातडीला, तोंडाला आणि श्वासाला दिवसरात्र भिडलेलं असतं. एवढं ध्यानात आल्यावर निवड बरीच सोपी झाली.

सगळ्यात आधी यादीतून गेलं सीडर. त्या लाकडाला येणारा छान वास म्हणजे त्यातली उडून जाणारी तेलं आणि फिनॉल जातीची रसायनं. कीटक दूर राहावेत म्हणून लोक सीडर कपाटात ठेवतात ते याचसाठी. बंद, उबदार पेटीत तीच वाफ कोंडून राहते. 1967 साली एलियट व्हेसेल या संशोधकांनी दाखवून दिलं होतं, की असल्या मऊ लाकडाच्या बेडिंगवर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतातली, औषधं पचवणारी विकरं वाढतात. तो प्रयोग सापांवरचा नव्हता, पण नुसत्या अंथरुणाचा परिणाम थेट यकृतापर्यंत जातो, हे मला पुरेसं होतं. पाइनच्या बाबतीत भट्टीत वाळवलेला माल बरा, कारण उष्णतेने ही द्रव्यं बरीचशी निघून जातात. पण पिशवीवर तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर कळायला मार्ग नाही. म्हणून मी पाइनही सोडलं. हाच न्याय सफाईच्या द्रवांना लागतो. फिनॉल असलेलं किंवा पाइन तेलाचं जंतुनाशक पेटीत वापरायचं नाही. बेडिंग जपून निवडून काच फिनेलने पुसली तर सगळी मेहनत वाया!

साप आणण्याआधीच सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना भेटले. ते म्हणाले, "सुरुवातीचे काही आठवडे काहीच अंथरू नका. पांढरा टिश्यू पेपर घाला. त्यावर तुम्हाला सगळं दिसेल." सापाच्या अंगावरचे माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक परजीवी (ऑफिओनिसस नॅट्रिसिस), काळ्या ठिपक्यांएवढे असतात. भुशात ते सापडणं मुश्कील, पांढऱ्या कागदावर लगेच नजरेला पडतात. विष्ठा घट्ट आहे की पातळ, पांढरे युरेट्स, म्हणजे सापाच्या लघवीचा घट्ट भाग, नीट पडताहेत का, खाल्लेलं उलटून टाकलं का, हेही कागदावर स्पष्ट दिसतं. नव्या, आजारी किंवा जखम असलेल्या सापासाठी माझ्या मते याहून चांगलं काहीच नाही. शिवाय ओला झाला की कागद बदलला, काम संपलं.

पण कायमचा कागद मला पटला नाही. कॉर्न स्नेकला जमिनीखाली शिरायला आवडतं. कागदावर असताना तो रोज एका कोपऱ्यातून कागदाखाली घुसायचा आणि तिथेच बसायचा. त्याला काय हवंय ते तो सांगतच होता.

वाळू, मक्याच्या कणसाचा चुरा, अक्रोडाच्या टरफलांचा चुरा यांच्यावर मी फार वेळ घालवला नाही. ते पोटात गेलं तर आतडं तुंबण्याची भीती, कणसाचा चुरा ओलाव्याने बुरसतो, टरफलांच्या कडा धारदार. मांजराच्या वाळूचा तर विचारही नको, ती पाणी शोषून घट्ट गोळा होण्यासाठीच बनवलेली असते. चांगलं पाणी पिणाऱ्या, योग्य उबेत असलेल्या सापाच्या पोटात लाकडाचा एखादा तंतू गेला तर तो सहसा विष्ठेतून निघून जातो. भीती असते ती लहान, थंड पडलेल्या किंवा शरीरातलं पाणी कमी झालेल्या सापाची. तरी मी खाणं चिमट्यानेच देते, खाली सपाट फरशीचा तुकडा ठेवून. गोठवलेला उंदीर वितळला की टिपून कोरडा करते, कारण ओल्या केसांना सगळा भुसा चिकटतो.

शेवटी दोनच पर्याय उरले: अ‍ॅस्पेन झाडाच्या लाकडाचे पापुद्रे आणि नारळाच्या सोडणाचा भुसा. दोन्ही आपापल्या जागी उत्तम. फरक ओलाव्याचा. कॉर्न स्नेकला साधारण 40 ते 60 टक्के आर्द्रता पुरते. अ‍ॅस्पेन कोरडं राहतं, वास जवळजवळ नाही, आणि त्यात सापाने केलेलं बीळ ढासळत नाही. पण ते ओलं राहिलं की बुरशी धरतं. नारळाचा भुसा ओल धरून ठेवतो आणि सहजासहजी बुरसत नाही, मात्र पूर्ण वाळला की त्याची बारीक धूळ उडते. तो भिजवल्यावर मुठीत दाबून पाहायचा: गोळा व्हावा, पण पाणी टपकू नये. वरचा थर सतत चिंब राहिला तर पोटावरचे खवले तपकिरी पडतात, त्याखाली फोड येतात आणि जखमा होतात. ओल खाली आणि वरचा भाग कोरडा, अशी मांडणी हवी. मी अ‍ॅस्पेन घेतलं आणि कात टाकायच्या वेळेसाठी ओलसर स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरलेला झाकणाचा डबा आत ठेवला. डोळे दुधाळ दिसू लागले की मॉस ताजं करायचं, बाकीची पेटी कोरडीच.

ज्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावं लागलं ती गोष्ट बेडिंगच्या पिशवीवर कुठेच लिहिलेली नसते: थराची जाडी आणि पेटीखालची हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई. शिरायला जागा मिळावी म्हणून 8 ते 10 सेंटिमीटरचा थर हवा. पण एवढा थर उष्णता अडवतो. वर ठेवलेला थर्मामीटर कमी तापमान दाखवतो, माणूस मॅट वाढवतो, आणि साप खणत खणत थेट तापलेल्या काचेपर्यंत जातो. काच पोळते आहे हे कळूनही साप लगेच बाजूला होईलच असं नाही, आणि पोट गंभीर भाजतं. म्हणून थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, मी थराच्या तळाशी, काचेला लावून पक्का बसवला आणि साप जिथे पोचू शकतो तिथलं तापमान 32 अंशांच्या वर जाणार नाही असं लावलं. वरची ऊब हवी असेल तर ती वरून, जाळीआडच्या दिव्याने द्यायची. हे जमेपर्यंत मी साप जाड थरावर सोडलाच नाही. रिकाम्या पेटीत दिवसा आणि रात्री आकडे तपासले. वेळ लागला, पण कितीही लागला असता तरी चाललं असतं.

पिशवी उघडताना मी अजूनही तोच क्रम पाळते. आधी वास. उग्र, गोड किंवा कुबट काहीही आला तर वापरायचं नाही. मग मूठभर पांढऱ्या कागदावर झटकून धूळ किती पडते ते बघायचं आणि टोकदार काड्या वेचून काढायच्या. रंग किंवा सुगंध घातलेला माल घ्यायचा नाही. लागेल तेवढं बेडिंग एक-दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून, पुन्हा खोलीच्या तापमानाला आणून मग घालते, म्हणजे सोबत आलेले किडे मरतात. घाण दिसेल तेव्हा तेवढा भाग आजूबाजूच्या भुशासकट उचलायचा. महिन्या-दीड महिन्याने सगळंच बदलायचं. पाण्याच्या भांड्याभोवती बोट घालून ओल तपासायची, बुरशी तिथेच आधी धरते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जीवाणू असू शकतो, म्हणून पेटीतलं काहीही स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवत नाही आणि नंतर साबणाने हात धुते.

अ‍ॅस्पेनवरची पहिली कात अखंड निघाली. मी ती ओली करून उलगडली आणि डोळ्यांवरच्या दोन्ही गोल टोप्या आहेत ना ते पाहिलं. शेपटीचं टोकही सुटलं होतं. आर्द्रता कमी पडली असती तर याच दोन ठिकाणी आधी कळलं असतं.

अलीकडे एका मैत्रिणीने बॉल पायथन आणला आणि मी काय वापरते ते विचारलं. तिला मी अ‍ॅस्पेन सांगितलं नाही. त्या सापाला 60 टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते, तेवढ्या ओलीत अ‍ॅस्पेन टिकणार नाही. तिने नारळाचा भुसा घेतला आहे, पण सध्या पेटीत टिश्यू पेपरच आहे. माइट्स नाहीत याची खात्री झाली की मग भुसा घालू, असं आमचं ठरलंय.